कोपऱ्यावरच्या शाळेचं हळदीकुंकू

आमचं घर शाळेच्या इतकं जवळ आहे की मधल्या सुट्टीची घंटा मला कुकरच्या शिट्टीतूनही ऐकू येते. मागच्या भिंतीपलीकडे मैदान आणि मैदानाच्या टोकाला बैठी पिवळी इमारत. ही आमची कोपऱ्यावरची सरकारी शाळा. तरीही आमच्या गल्लीतल्या मराठी घरांमधून माझी अनिका सोडली तर एकही मूल त्या शाळेत जात नव्हतं.

बाकीची सगळी अकॅडमीत. अकॅडमी म्हणजे हायवेपलीकडची चार्टर शाळा. तीही सरकारी पैशावरच चालते, फी नाही, पण कारभार वेगळ्या मंडळाचा आणि प्रवेश लॉटरीनं. लॉटरी आणि वेटलिस्ट म्हटलं की आपल्या लोकांच्या अंगात येतं. ज्या गोष्टीसाठी रांग लागते ती चांगलीच असणार, हे आपण घरूनच शिकून येतो. अमेरिकेतल्या या आमच्या चँडलरमध्ये अकॅडमीत नंबर लागला की लोक पेढे वाटतात. मीही वाटले होते, त्यामुळे इतरांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

अनिका पहिलीत तिथे होती. शाळा वाईट नव्हती. काही मुलं तिथे अशी खुलतात की बघत राहावं. अनिका त्यातली नव्हती, एवढंच. टायमर लावून गणितं सुरू झाली की तिचं पोट दुखायचं. मग घरून निघतानाच दुखायला लागलं. पुढे पुढे रविवारी संध्याकाळीच ती कोपरा धरून बसायची. डॉक्टर झाले, ओव्याचं पाणी झालं, माझ्या आईचे फोनवरचे उपाय झाले. शेवटी मी तिला तिथून काढलं आणि कोपऱ्यावरच्या शाळेत घातलं. थोड्याच दिवसांत पोटदुखी कुठल्या कुठे पळाली. आता ती तिसरीत आहे. शाळेच्या बागेत कोंबड्या आहेत, त्यांची नावं, त्यांचे स्वभाव आणि त्यांची भांडणं ती मला रोज सांगते. तिचं तोंड थांबवायला मला लवकर जेवायला वाढावं लागतं.

पण गल्लीतल्या मंडळींच्या लेखी अनिकाला 'झेपलं नाही'. शेजारीण कादंबरीनं तर गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची वाटी माझ्या हातात देत, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "राधिका, अगं ट्यूशन वगैरे ट्राय केलं होतंस का आधी? नाही म्हणजे, एकदम पब्लिक स्कूल?"

पब्लिक स्कूल हे शब्द तिनं वाटीत झुरळ निघाल्यासारखे उच्चारले. मी शिऱ्याचा घास गिळला आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे तो शिरा मला दोन दिवस पचला नाही.

कादंबरी शाळेच्या फाटकासमोरच राहते. ती पुण्याची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि 'चँडलर मराठी मॉम्स' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन. दाताचा डॉक्टर कोण, गालिचा कुठून घ्यायचा, मूल कुठल्या शाळेत घालायचं, सगळं तिच्या शब्दावर चालतं. तिचा मोठा मुलगा अमन अकॅडमीत आहे आणि तिथे खरंच रमलाय. धाकटी नैना येत्या वर्षी बालवर्गात जाणार होती. भाऊ तिथे असल्यामुळे तिचाही नंबर अकॅडमीत नक्की होता.

त्याच सुमाराला, इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टनं जाहीर केलं की मुलं कमी होत चालल्यामुळे काही शाळा बंद कराव्या लागतील. त्यात आमची शाळा होती. निर्णय डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या जानेवारीतल्या बैठकीत होणार होता. शाळा बंद झाली तर अनिकाला बसनं दूरच्या, अनोळखी शाळेत जावं लागणार होतं.

मी तिला शक्य तितक्या सहज आवाजात सांगितलं. तिनं विचारलं, "आई, बट हू विल टेक द चिकन्स?"

"बघू या, बेटा. अजून काही फायनल नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोटावर हात धरून माझ्यासमोर उभी राहिली. दीड-दोन वर्षांनी पहिल्यांदा. मला असा संताप आला की विचारू नका. ही शाळा मी बंद होऊ देणार नव्हते. ती वाचवायची कशी, ते मला अजिबात माहीत नव्हतं.

मुख्याध्यापिका मिसेस ओर्तेगांना जाऊन भेटले. त्या हसऱ्या, ठेंगण्या आणि चालायला इतक्या भराभर की त्यांच्याशी बोलायचं तर मागे पळावं लागतं. त्या म्हणाल्या, "राधिका, आमच्या हद्दीत मुलं आहेत. रोज सकाळी आमच्या फाटकावरून गाडीत बसून पुढे जातात. त्यांच्या आयांनी एकदा आत येऊन बघावं. पुढच्या वर्षीचा बालवर्ग भरतोय असं दिसलं, तर बोर्डापुढे बोलायला माझ्याकडे काहीतरी असेल."

मग आम्ही ओपन हाऊस ठेवलं. मी ग्रुपवर सुंदर मेसेज टाकला, फोटो टाकले, कोंबड्यांचा व्हिडिओसुद्धा टाकला. त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. प्रत्यक्षात आलं ते एक जोडपं, तेही पत्ता चुकून. त्यांना लायब्ररीत जायचं होतं. मी केलेल्या कुकीज तशाच घरी परत आल्या आणि माझा नवरा सिद्धेश त्या आठवडाभर चहाबरोबर आनंदानं खात बसला.

"यार राधिका, लोक रेटिंग बघतात," तो कुकी बुडवत म्हणाला. सिद्धेश चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, त्याला प्रत्येक गोष्टीला आकडा लागतो. "वेबसाइटवर त्या शाळेला दहातले पाच आहेत. पाच बघून कोण येणार?"

"मी रेटिंग बघून लग्न केलं असतं तर तू आत्ता कुठे असतास?"

त्यानं हसत कुकी पुन्हा बुडवली. कुकी मात्र बशीत तुटून पडली.

या सगळ्यात मला वाट दाखवली ती वीणाकाकूंनी. काकू मूळच्या मिरजेच्या, आता निवृत्त झालेल्या डॉक्टर. चँडलरमध्ये कापसाची शेतं होती तेव्हापासून त्या इथे राहतात, आणि त्यांची दोन्ही मुलं याच पिवळ्या इमारतीत शिकली. माझं रडगाणं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं आमंत्रणच चुकलं. ओपन हाऊसला नाही गेलं तर कुणाला काय वाटणार आहे? हळदीकुंकवाला बोलाव. हळदीकुंकवाचं बोलावणं टाळणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. ज्यांच्याशी बोलत नाहीत त्यांच्याकडेसुद्धा जातात."

"शाळेत? हळदीकुंकू?"

"कॅफेटेरिया भाड्यानं देतात ना संध्याकाळी? तिथे झुंबा चालतो, कुणाकुणाचे बर्थडे होतात. मग संक्रांतीनं काय घोडं मारलंय? मला बोलावायचं की नाही ते मात्र तू ठरव. माझे यजमान चंद्रशेखर गेल्यापासून बायका मला या समारंभाला बोलवायला बिचकतात."

"काकू, तुम्ही आला नाहीत तर मी हळदीकुंकू करणारच नाही," मी म्हटलं. मला त्या बिचकणाऱ्या बायकांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "कुंकवाची कुयरी तुमच्याच हातात राहणार."

कॅफेटेरिया मोकळा मिळाला तो नेमका बोर्डाच्या बैठकीच्या दिवशी. बाकीचे दिवस बास्केटबॉलवाल्यांनी अडवले होते. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे तिथी अडत नव्हती. मी मनाशी ठरवलं की पाचला आवरायचं, घरी जाऊन साडी बदलायची, शर्ट-पँट घालायची आणि बैठकीत जाऊन एकटीनं बोलायचं. रीतसर भाडं भरलं आणि ग्रुपवर लिहिलं: संक्रांतीचं हळदीकुंकू, कोपऱ्यावरच्या शाळेत, मुलांसकट या, काळी साडी मस्ट. या वेळी अंगठे आले नाहीत. 'नक्की येते गं' आलं, 'काय आणू?' आलं, आणि 'ब्लाउज होत नाहीये, कुणाकडे टेलर आहे का?' हेही आलं. कादंबरीनं सगळ्यात आधी लिहिलं, 'येणारच!' हळदीकुंकवाला नाही म्हणणं तिच्याही बापाला जमलं नसतं.

शाळेत शेंगदाणा चालत नाही, म्हणून नुसत्या तिळाच्या वड्या केल्या, त्याही शाळेच्या नर्सला आधी विचारून. वाण म्हणून दरवर्षी एकमेकींना प्लास्टिकचे डबे वाटून आमच्या कपाटांत जागा उरलेली नाही. यंदा अनिकाच्या वर्गानं कागदी कपांमध्ये मेथी पेरली होती. इथे जानेवारीतलं ऊन गोड असतं, मेथी टरारून आली. प्रत्येक कपावर एकेका मुलाचं नाव होतं.

बायका अकॅडमीतून मुलं उचलून तशाच आल्या. काळी चंद्रकळा, काळी पैठणी, काळी शिफॉन. गळ्यांत मोत्यांच्या माळा आणि केसांत गजऱ्याऐवजी अंगणातली बोगनवेल. कॅफेटेरियाच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन सगळ्या बसल्या आणि एकमेकींना हसायला लागल्या. वीणाकाकूंनी पहिलं कुंकू मिसेस ओर्तेगांना लावलं. त्यांनी ते आरशात पाहिलं, हात जोडले आणि तिळाच्या चार वड्या उभ्या उभ्या संपवल्या.

तोवर मुलं गायब झाली होती. अनिका सगळ्यांना घेऊन कोंबड्या दाखवायला पळाली होती. त्यामुळे आयांना उठावंच लागलं. पदर सावरत, मुलांना हाका मारत त्या वऱ्हांड्यातून निघाल्या आणि वाटेत जे दिसलं ते बघत राहिल्या. भिंतींवर मुलांची चित्रं, पुस्तकांनी भरलेली लायब्ररी, व्हायोलिन टांगलेली खोली. "हा ऑर्केस्ट्रा फ्री आहे?" एकीनं विचारलं. "आम्ही बाहेर क्लास लावलाय गं!" दुसरी म्हणाली.

कादंबरीला नैना सापडेना. मी तिच्याबरोबर गेले. नैना सापडली बालवर्गाच्या खोलीत. तिथले शिक्षक, मिस्टर हॉवर्ड, भलेमोठे पाय दुमडून सतरंजीवर बसले होते. समोर कोंबडीच्या अंड्यांची टोपली, एका बाजूला अनिका आणि दुसऱ्या बाजूला नैना. अनिका म्हणत होती, "शी कॉल्स इट अंडं." शिक्षकांनी म्हणून पाहिलं, "आंडा."

"अंडं!" नैना ओरडली.

"उंडा."

नैना हसून लोळायला लागली. मग उठून बसली, त्यांच्या दाढीला हात लावून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली, "अं-डं." शिक्षकांनी नीट म्हटलं, तसं तिनं टाळ्या वाजवून सांगितलं, "गुड जॉब!"

कादंबरी दारातच थांबली. तिनं माझा दंड घट्ट धरला. "ही बाहेर बोलत नाही गं," ती हळूच म्हणाली. "अकॅडमीत प्लेसमेंटच्या टेस्टला नेलं होतं, एक शब्द बोलली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. मला झोप लागत नाहीये तेव्हापासून." तिचे डोळे भरले होते. गणपतीतला शिरा मी त्याच क्षणी विसरले आणि तिला जवळ घेतलं.

कॅफेटेरियात परत आल्यावर तिनं सगळ्यांदेखत म्हटलं, "मी सहा वर्षं समोर राहते आणि आज पहिल्यांदा आत आले."

"पहिल्यांदा?" मी चाटच पडले. "मला वाटलं ही शाळा बघून, नापसंत करून तू अमनला तिकडे घातलंस."

"मी कुठे बघितली? सावनीचा मुलगा तिकडे जात होता, म्हणून मी गेले."

सावनी तीळ चघळत होती, ती दचकली. "मी? मला तर मीनाक्षी म्हणाली की इकडे आपलं कुणी जात नाही."

"कुणी जातच नव्हतं ना!" मीनाक्षी म्हणाली. "तुम्ही सगळ्या तिकडे गेलात!"

वीणाकाकू खदखदून हसायला लागल्या आणि सगळ्याच हसत सुटल्या. घरासाठी नळाची तोटी घेतानाही शंभर रिव्ह्यू वाचणाऱ्या या बायका, आणि घराला लागून असलेली शाळा एकीनंही उघड्या डोळ्यांनी पाहिली नव्हती.

या गोंधळात साडेपाच वाजून गेले. साडी बदलायला वेळ उरला नाही. "मला निघायला हवं," मी मेथीचा शेवटचा कप वाटत म्हटलं. "बोर्डाची मीटिंग आहे. आज ठरतंय."

"एकटी?" कादंबरीनं विचारलं. तिनं ग्रुपवर मेसेज टाकला नाही, नुसता आवाज चढवला. "गाड्या काढा गं. मुलं नवऱ्यांकडे सोपवा. आपण सगळ्या जातोय."

बोर्डाच्या हॉलमध्ये आम्ही शिरलो तेव्हा बोलणारा माणूस बोलायचा थांबला. ओळीनं काळ्या साड्या आत येत होत्या आणि भिंतीला लागून उभ्या राहत होत्या. बांगड्यांची किणकिण हॉलभर ऐकू येत होती. बोर्डाचे अध्यक्ष वयस्कर, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी हळव्या आवाजात म्हणाले, "शाळा गमावणं म्हणजे घरातलं माणूस गमावणंच असतं. तुम्ही सगळ्या शोकाच्या वेषात आलात, आम्हाला तुमचं दुःख समजतं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. शोकाचा वेष! माझ्या अंगावर लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा होती. हसू आलं आणि त्याच वेळी डोकंही तापलं. हे लोक शाळेला आधीच पोहोचवून मोकळे झाले होते. माझं नाव पुकारल्यावर मी पदर खोचला आणि माइकसमोर गेले. घरून लिहून आणलेलं भाषण पर्समध्ये होतं, पर्स गाडीत होती. जे तोंडाला आलं ते इंग्रजीत बोलत सुटले.

"सर, कुणीही मेलेलं नाही. आमच्याकडे वर्षभर काळं टाळतात, पण संक्रांतीला हौसेनं नेसतात. थंडी असते, काळं ऊब धरतं. हा आमचा सणाचा वेष आहे. आम्ही आत्ता त्याच शाळेतून, सण साजरा करून आलोय. माझी मुलगी तिथे पोट न दुखता शिकते. मला तुमच्याकडून सहानुभूती नकोय. मला शाळा हवी आहे."

मागून काकूंनी टाळी वाजवली. अध्यक्षांचे कान लाल झाले. बोर्डावरच्या एक बाई पुढे झुकल्या आणि रोखून म्हणाल्या, "भावना कळतात. पण वर्ग रिकामे आहेत. तुमच्या समाजातली मुलं तर चार्टरला जातात ना?"

हा घाव बरोबर बसला. तेवढ्यात कादंबरी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हो, जातात," ती म्हणाली. "माझा मुलगा जातो आणि पुढेही जाईल, कारण त्याला ती शाळा आवडते. पण बाकीच्यांना मी तिकडे पाठवलं, ही शाळा न बघता. आज बघितली. माझी मुलगी जुलैपासून इथे येणार. अकॅडमीतली तिची जागा मी उद्या सोडतेय. मी फाटकासमोर राहते, हवं तर पत्ता लिहून घ्या."

अकॅडमीतली जागा सोडणार! मराठी मॉम्सच्या इतिहासात असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मग सावनी पुढे आली, धाकट्याचं नाव सांगून गेली. मीनाक्षीनं जुळ्यांची नावं सांगितली. एकेक काळी साडी माइकपाशी येत होती, आपला रस्ता सांगत होती, मुलाचं नाव सांगत होती आणि बाजूला होत होती. प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंनी आधी पेन खाली ठेवलं होतं, ते त्यांनी पुन्हा उचललं. मिसेस ओर्तेगा पहिल्या ओळीत बसल्या होत्या. कपाळावरचं कुंकू तसंच, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मतदान झालं. एका मतानं शाळा राहिली. ते निर्णायक मत त्या रोखून बघणाऱ्या बाईंचं होतं.

त्यानंतर हॉलमध्ये जो कल्ला झाला तो आवरायला अध्यक्षांना हातोडा आपटावा लागला आणि तरी कुणी ऐकलं नाही. काकूंनी मला मिठी मारली, कादंबरीनं काकूंना मारली, आणि सावनीनं चुकून सुरक्षारक्षकालाच मारली. मी आयुष्यात इतकी मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. घरी आले तर अनिका दारात वाट बघत उभी. मी काही बोलायच्या आधीच माझा चेहरा बघून तिनं अशी उडी मारली की आम्ही दोघी पायपुसण्यावर आडव्या झालो.

जुलैत, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, बाहेर रस्ता वितळेल असं ऊन असताना मिसेस ओर्तेगांचा फोन आला. त्या धावतच बोलत होत्या. "राधिका, मोठी अडचण झालीय. बालवर्गाची दुसरी तुकडी उघडावी लागतेय आणि माझ्याकडे खुर्च्या कमी पडताहेत. तुमच्या मंडळींकडे उद्यापुरत्या आहेत का?"

मी फोन छातीशी धरला आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचले. मग सिद्धेशला ओरडून सांगितलं, "गराज उघड, खुर्च्या काढ! शाळेत मुलांना बसायला जागा नाहीये!"